टेराकोटा रेनस्क्रीनचा स्पेक पहिल्यांदा लिहिताय? भिंतीपासून सुरू करा, रंग शेवटी

टेराकोटाचं, म्हणजे भाजलेल्या मातीचं, क्लॅडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) असलेलं प्रोजेक्ट हातात आलं की बहुतेक ऑफिसांत पहिलं काम काय होतं, तर सप्लायरकडून सॅम्पल मागवली जातात, ती टेबलावर मांडून रंगावर चर्चा सुरू होते आणि स्पेक (म्हणजे कुठला माल, कसा बसवायचा, कुठल्या टेस्टला उतरला पाहिजे हे सांगणारं डॉक्युमेंट) लिहायची वेळ येते तेव्हा कुणीतरी कॅटलॉगमधला मजकूर उचलून डॉक्युमेंटमध्ये टाकतं. नवीन लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. या सिस्टिममध्ये बाहेरून दिसणारी माती हा सगळ्यात कमी त्रास देणारा भाग आहे. गळती, आग, पॅनेल निखळणं, थंडीत आतल्या भिंतीला येणारी ओल, हे सगळे प्रश्न पॅनेलच्या मागे जन्माला येतात आणि एकदा पॅनेलं चढली की मागचं काही दिसत नाही. म्हणून आतून बाहेर लिहायचं.

आधी हे डोक्यात पक्कं बसू द्या

रेनस्क्रीन म्हणजे भाजलेल्या मातीची पॅनेलं धातूच्या सांगाड्यावर अडकवलेली, त्यांच्यातले सांधे उघडे, मागे हवेची पोकळी म्हणजे कॅव्हिटी, मग इन्सुलेशन, मग पाणी आणि हवा अडवणारा मेम्ब्रेनचा थर आणि शेवटी मूळ भिंत. सांधे सीलंटने भरायचे नसतात, ते मुद्दाम उघडे ठेवलेले असतात.

मग पाणी आत जात नाही का? जातं, थोडं जातंच. पाण्याला आत ढकलणाऱ्या गोष्टी पाच: थेंबाचा स्वतःचा वेग, त्याचं वजन, पृष्ठताण, बारीक फटीतून शोषलं जाणं आणि बाहेरच्या-आतल्या हवेच्या दाबातला फरक. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये हे नीट मांडलं, त्याच सुमारास नॉर्वेतही यावर काम चालू होतं. पॅनेल पहिल्या चारांचा जोर बराचसा मोडतं, म्हणजे झड अडते, पॅनेलच्या ओठावरून पागोळी खाली गळते. दाबाचा फरक मात्र मागचा हवा अडवणारा थर घट्ट असेल तरच कमी होतो. तो थर फाटका असेल तर हवा आत शिरते आणि सोबत पाणी घेऊन शिरते, मग बाहेर कितीही महागडं टेराकोटा लावलेलं असो.

मातीचं हे रूप तसं नवं आहे. जर्मनीत १९८०च्या दशकात आर्किटेक्ट थोमास हेर्त्सोग यांनी एका वीट कारखान्यासोबत अशी टांगती पॅनेलं तयार केली, मग आर्किटेक्ट रेन्झो पियानो यांनी पॅरिसच्या रू द मो वसाहतीत (१९९१) आणि नंतर बर्लिनच्या पॉट्सडामर प्लाट्झवर टेराकोटा वापरलं आणि ते जगभर पसरलं. पण तेव्हापासून नियम बरेच कडक झालेत, त्यामुळे जुन्या बिल्डिंगचे डिटेल जसेच्या तसे उचलू नका.

पायरी १: सिस्टिमचा प्रकार ठरवा

दोन प्रकार ऐकायला मिळतील. एक, ड्रेन्ड अँड बॅक-व्हेंटिलेटेड, म्हणजे आत आलेलं पाणी खाली वाहून जातं आणि वरून-खालून खेळणाऱ्या हवेने कॅव्हिटी सुकते. दुसरा प्रेशर-इक्वलाइज्ड, ज्यात कॅव्हिटीचे छोटे कप्पे करून आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबर पटकन जुळवतात म्हणजे पाणी ओढलंच जात नाही. अमेरिकन पद्धतीत पहिल्यासाठी एएएमए ५०९ आणि दुसऱ्यासाठी एएएमए ५०८ ही टेस्ट आहे (एएएमए ही तिथल्या उत्पादकांची संघटना), ब्रिटनमध्ये सीडब्ल्यूसीटी या खिडक्या-क्लॅडिंगवर काम करणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड चालतं. उघड्या सांध्यांचं टेराकोटा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात बसतं. स्पेकमध्ये नुसतं 'रेनस्क्रीन' लिहून सोडलंत तर प्रत्येक बोलीदार आपल्या सोयीचा अर्थ घेईल, म्हणून प्रकार आणि टेस्ट दोन्ही नावानिशी लिहा.

पायरी २: मागची भिंत

भिंत काँक्रीटची आहे, ब्लॉकची आहे की स्टील स्टडची (म्हणजे पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांच्या सांगाड्याची), यावर पुढचं सगळं ठरतं. काँक्रीटमध्ये अँकर, म्हणजे भिंतीत घट्ट बसवलेला बोल्ट, धरतो. पोकळ ब्लॉकमध्ये तो किती धरेल हे कागदावर सांगता येत नाही, तिथे साइटवर पुल-आउट टेस्ट (अँकर ओढून तो किती जोर धरतो ते बघायची) करून घ्यायची आणि किती ठिकाणी करायची ते स्पेकमध्येच लिहायचं. स्टडच्या भिंतीत ब्रॅकेटचा (सांगाडा भिंतीला धरणाऱ्या तुकड्याचा) स्क्रू स्टडमध्येच गेला पाहिजे, स्टडवर ठोकलेल्या नुसत्या शीथिंगच्या बोर्डात गेलेला स्क्रू काही कामाचा नाही. म्हणजे ब्रॅकेटच्या जागा आणि स्टडचं अंतर एकाच ड्रॉइंगवर आलं पाहिजे, आणि हे वेळेत कुणी केलं नाही तर साइटवर जिथे जागा मिळेल तिथे ब्रॅकेट ठोकले जातात.

मेम्ब्रेनबद्दल तीन गोष्टी नक्की लिहा. तो सलग असावा, खिडक्यांच्या फ्रेमला, पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला), पायथ्याला कुठेही तुटू नये. प्रत्येक ब्रॅकेटचा अँकर त्याला भोक पाडतो, ते भोक कसं सील करायचं ते डिटेलमध्ये दाखवा. आणि सांधे उघडे असल्यामुळे ऊन आत पोचतं, तेव्हा मेम्ब्रेन उघडा राहणार असेल तर तो यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) सहन करणारा हवा, नुसता साइटवर काही आठवडे टिकणारा नको, कायमचा. यातलं काहीही नंतर दुरुस्त करायचं तर पॅनेलं उतरवावी लागतात.

पायरी ३: इन्सुलेशन आणि आग

भाजलेली माती जळत नाही, युरोपियन ईएन १३५०१-१ वर्गीकरणात ती ए१ मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गात येते. पण इथेच नवीन माणूस फसतो, कारण आगीच्या दृष्टीने पॅनेलएवढंच मागे काय आहे तेही बघावं लागतं. रेनस्क्रीनची कॅव्हिटी तळापासून माथ्यापर्यंत मोकळी ठेवली तर ती धुराडं बनते, ज्वाळा वर खेचल्या जातात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली, तिथे पॉलिथिलिन गाभ्याची अॅल्युमिनियमची पॅनेलं होती, मागे जळणारं इन्सुलेशन होतं आणि कॅव्हिटी बॅरियर (पोकळीत आग अडवणारे अडसर) नीट बसवलेले नव्हते. टेराकोटा घेतलं म्हणजे आपण सुटलो असं समजू नका, मागे जळणारा फोम आणि जळणारा मेम्ब्रेन टाकला की धोका परत आलाच.

माझं मत स्पष्ट आहे: इन्सुलेशन दगडी लोकरीचं घ्या, पाणी न शोषणारं, बाहेरच्या तोंडाला काळं फ्लीस (पातळ कापडासारखा थर) असलेलं (उघड्या सांध्यातून पिवळट लोकर दिसत नाही आणि वाऱ्याने तंतू सुटत नाहीत). बोर्ड भिंतीला घट्ट बसले पाहिजेत, बोर्ड आणि भिंत यांच्यात हवा खेळली तर इन्सुलेशनचा उपयोग जवळजवळ संपतो. मजल्यागणिक आडवे कॅव्हिटी बॅरियर लागतात, आणि हवा खेळायला हवी म्हणून ते असे असतात की एरवी थोडी फट राहते, आग लागली की बॅरियरवरची पट्टी फुगून फट बंद करते. उभे बॅरियर मात्र पूर्ण दाबून भरायचे. खिडक्यांच्या चारी बाजूंना काय, ते तुमच्या इथल्या नियमाप्रमाणे. पूर्ण भिंतीची आगीची टेस्ट लागत असेल, जशी अमेरिकेत एनएफपीए २८५ किंवा ब्रिटनमध्ये बीएस ८४१४, तर ती टेस्ट तुमच्याच थरांच्या जुळणीची आहे का हे बघा, त्यातला एक थर जरी बदलला तरी तो रिपोर्ट तुमच्या भिंतीला लागू पडेलच असं नाही.

पायरी ४: ब्रॅकेट आणि रेल, इथे जास्त वेळ द्या

एक ब्रॅकेट हातात घेऊन बघा. एल आकाराचा तुकडा, एका पायात भिंतीच्या अँकरसाठी भोक, दुसऱ्या पायात रेलसाठी (पॅनेलं अडकवायच्या उभ्या पट्टीसाठी) भोकं, त्यातलं काही गोल आणि काही लांबट. गोल भोकाचा स्क्रू रेलला जागेवर धरतो आणि वजन घेतो, तो फिक्स्ड पॉइंट. लांबट भोकातला स्क्रू रेलला वरखाली सरकू देतो आणि फक्त वाऱ्याचा जोर घेतो, तो स्लायडिंग पॉइंट. एका रेलला फिक्स्ड पॉइंट एकच. साइटवरचा माणूस 'घट्ट असलेलं बरं' म्हणून सगळ्या भोकांत स्क्रू मारतो आणि काही उन्हाळे गेले की रेल वाकते, पॅनेलं तडकतात.

असं का होतं ते आकड्यात बघा. अॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे सुमारे ०.०२४ मिमी वाढतं. ३ मीटरची रेल, वर्षभरात ५० अंशांचा फरक, म्हणजे साडेतीन मिमीच्या आसपास हालचाल. मातीचं प्रसरण त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा. म्हणजे पॅनेल जवळजवळ जागेवर राहतं आणि मागची रेल सरकते. म्हणून दोन रेलच्या टोकांमध्ये फट ठेवायची आणि कुठलंही पॅनेल त्या फटीच्या दोन्ही बाजूंना अडकवायचं नाही, पॅनेल रेलवर धरणारी वरची क्लिप एका रेलवर आणि खालची दुसऱ्या रेलवर असं झालं तर पॅनेल फुटणार. हा नियम स्पेकमध्ये लिहा आणि रेलचे जोड एलेव्हेशनवर (समोरून दिसणाऱ्या भिंतीच्या ड्रॉइंगवर) दाखवायला सांगा. बिल्डिंगचा मूव्हमेंट जॉइंट (हालचालीसाठी मुद्दाम सोडलेली फट) जिथे आहे तिथे क्लॅडिंगमध्येही जॉइंट हवाच.

दुसरी गोष्ट उष्णतेची. अॅल्युमिनियममधून उष्णता स्टेनलेस स्टीलपेक्षा दहापटीहून जास्त वेगाने जाते आणि प्रत्येक ब्रॅकेट इन्सुलेशनला आरपार भेदतो. कागदावर इन्सुलेशनची जाडी भरपूर दिसते पण शेकडो ब्रॅकेटमधून गळणारी उष्णता धरली की प्रत्यक्ष आकडा बराच खाली येतो. तेव्हा ब्रॅकेटखाली थर्मल पॅड (उष्णता अडवणारा तुकडा) मागा, थंड हवामान असेल तर स्टेनलेसच्या ब्रॅकेटचा विचार करा, आणि भिंतीचा यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता जाते तो आकडा) ब्रॅकेट धरून काढलेला द्यावा असं स्पष्ट लिहा. हे वाक्य नसेल तर तुम्हाला ब्रॅकेट सोडून काढलेला आकडा मिळेल आणि तो चुकीचा आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तोच पॅड अॅल्युमिनियमला काँक्रीटच्या अल्कलीपासून आणि साध्या स्टीलपासून वेगळं ठेवतो, दोन धातू ओले होऊन एकमेकांना चिकटले की गंज चढतो. फास्टनर स्टेनलेसचे, समुद्राजवळ असाल तर ३१६ ग्रेड, यात काटकसर नको.

आणि ओळंबा. मूळ भिंत कधीच सरळ नसते, २०-२५ मिमी आतबाहेर असणं नेहमीचं. सिस्टिमने किती फरक पोटात घ्यायचा तो आकडा लिहा, आणि कॉन्ट्रॅक्टरने ब्रॅकेट मागवायच्या आधी भिंतीचा सर्व्हे करून द्यावा ही अट घाला. कॅव्हिटी ड्रॉइंगवर ५० मिमी ठेवा, म्हणजे भिंत पुढे आलेल्या जागीही २५ मिमीच्या आसपास मोकळी राहील.

पायरी ५: वजन आणि वारा

टेराकोटाचं वजन प्रोफाइलप्रमाणे साधारण ३० ते ६५ किलो प्रति चौरस मीटर. पातळ एकपदरी पॅनेल हलकं, जाड पोकळ दुपदरी जड. हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला लवकर द्या. वाऱ्यात दाबापेक्षा ओढ जास्त त्रास देते, आणि ती बिल्डिंगच्या कोपऱ्यांवर आणि माथ्याजवळ सगळ्यात जास्त असते. म्हणजे कोपऱ्यात ब्रॅकेट जवळजवळ येणार, पूर्ण दर्शनी भागाला एकच अंतर चालणार नाही. वाऱ्याचे झोन दाखवणारं एलेव्हेशन स्पेकसोबत जोडा. माती वाकत नाही, सरळ तुटते, त्यामुळे पॅनेलच्या ताकदीवर घ्यायचा सेफ्टी फॅक्टर धातूपेक्षा मोठा असतो, तो किती आणि कशावरून ते गणितात दाखवायला सांगा. खाली रस्ता असेल तर फुटलेला तुकडा सुटून पडू नये म्हणून मागून जाळी चिकटवलेली किंवा पकडून ठेवलेली पॅनेलं मिळतात, तीही विचारा.

पायरी ६: आता पॅनेल

माती यंत्रातून दाबून साच्याच्या आकारात बाहेर काढतात, वाळवतात, हजार अंशांच्या वर भाजतात. या सगळ्यात ती आठ टक्क्यांच्या आसपास आकसते, ३०० मिमीचं पॅनेल काढायला सुरुवात ३२५च्या पुढे करावी लागते. म्हणून उंचीत एक-दोन मिमीचा फरक, जरासा बाक, हे येणारच. लांबी भाजल्यावर करवतीने कापतात त्यामुळे ती बरीच अचूक असते. उंची, लांबी, बाक, पीळ यांची सहनमर्यादा वेगवेगळी लिहा आणि आडवा सांधा ८-१० मिमीचा ठेवा, ३ मिमीचा सांधा ड्रॉइंगवर सुंदर दिसतो पण भिंतीवर प्रत्येक फरक डोळ्यात खुपतो.

उंची कारखान्याकडे तयार असलेल्या साच्यांतून निवडलीत तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतं. नवीन साचा काढता येतो, पण सॅम्पल, सुधारणा, परत सॅम्पल यात बराच काळ जातो. एलेव्हेशन काढतानाच मजल्याची उंची, खिडकीची उंची आणि पॅनेलची उंची यांचा मेळ घाला, नाहीतर प्रत्येक खिडकीखाली एक कापलेली पट्टी येईल, आणि उंची कमी करायला कापलेलं पॅनेल क्लिपवर बसत नाही कारण त्याचा ओठच कापला गेलेला असतो. एका माणसाला उचलता येईल का हेही बघा, १२०० बाय ३०० मिमीचं पॅनेल ५० किलोच्या हिशोबाने १८ किलो होतं.

पाणी शोषणाचा आकडा मागा, युरोपात ईएन आयएसओ १०५४५-३, अमेरिकेत एएसटीएम सी६७, दोन पद्धतींचे आकडे सरळ ताडून बघू नका. जिथे बर्फ पडतो तिथे फ्रीझ-थॉ टेस्ट (शोषलेलं पाणी पुन्हा पुन्हा गोठून-वितळून पॅनेल टिकतं का ते बघणारी) शिवाय हवी. फिनिश तीन तऱ्हेचे: मातीचा स्वतःचा रंग, एन्गोब म्हणजे पातळ रंगीत मातीचा लेप, आणि ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत थर. ग्लेझवर बारीक तडे जात नाहीत ना याचीही टेस्ट असते. मला स्वतःला मातीचाच रंग आवडतो, कारण कोपरा जरा टवका उडाला तरी आत तोच रंग असतो.

रंगाबाबत एकच सॅम्पल मंजूर करू नका. भट्टीतून निघणारा रंग कमीजास्त होणारच, तेव्हा सगळ्यात फिका, मधला आणि सगळ्यात गडद अशी रेंज मंजूर करा आणि बसवताना निदान तीन पॅलेटमधून मिसळून घ्यायचं असं लिहा, नाहीतर भिंतीवर चौकोनी ठिगळं दिसतात.

पायरी ७: कडा, कोपरे, पायथा

सपाट भिंत कुणालाही जमते. कोपऱ्याला पॅनेलच्या कडा ४५ अंशात कापून जुळवायच्या, धातूची पट्टी द्यायची की कारखान्यातून तयार कोपरा मागवायचा, ठरवा आणि डिटेल काढा. उभ्या सांध्यामागे रबर किंवा अॅल्युमिनियमची सांधापट्टी हवी, ती पाणी अडवते, पॅनेल वाऱ्यात खडखडू देत नाही आणि आडवं सरकू देत नाही. कॅव्हिटीच्या तळाला आणि माथ्याला हवेची वाट ठेवा आणि तिथे कीटक-पक्ष्यांसाठी जाळी द्या. खिडकीच्या वर फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी), पाणी पॅनेलच्या पुढे पडेल असं. तळमजल्यावर, जिथे हातगाड्या, सायकली, मुलांचे चेंडू लागतात, तिथे जाड पॅनेल आणि जवळ-जवळ आधार, किंवा सरळ पायथ्याला दगडाचा पट्टा द्या आणि टेराकोटा वर चढवा.

पायरी ८: जबाबदारी कुणाची

पॅनेल एकाचं, सांगाडा दुसऱ्याचा, बसवणारा तिसरा, आणि काही झालं की तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. पॅनेल, क्लिप, रेल, ब्रॅकेट, अँकर ही सगळी एक सिस्टिम म्हणून एकाच कंपनीने घ्यावी, तिचं गणित जबाबदार इंजिनिअरच्या सहीने यावं, अशी अट घाला. 'किंवा समतुल्य' लिहिलंत तर समतुल्य कशात तेही लिहा: वर्ग, टेस्ट, जाडी, वजन, सहनमर्यादा.

मग मॉक-अप, म्हणजे भिंतीचा खऱ्या आकाराचा नमुना. त्यात एक खिडकी, एक कोपरा, एक रेलचा जोड आणि एक कॅव्हिटी बॅरियर असलाच पाहिजे, नुसता सपाट तुकडा मंजूर करून काही कळत नाही. अर्धा भाग पॅनेलशिवाय उघडा ठेवायला सांगा म्हणजे मागचे थर दिसतील. तो सकाळी आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात बघा, बाक आणि ओळ तेव्हाच दिसतात. त्यातलं मधलंच एक पॅनेल काढून परत लावायला लावा. काही सिस्टिममध्ये एक काढायला वरची सगळी रांग उतरवावी लागते, ते आत्ताच कळलेलं बरं.

पायरी ९: ऑर्डर आणि साइट

माल तयार व्हायला तीन-चार महिने सहज लागतात, खास ग्लेझ किंवा नवीन साचा असेल तर जास्त, त्यामुळे मंजुरीच्या तारखा शेड्यूलमध्ये मागून मोजत या. एका दर्शनी भागाचा माल एकाच खेपेत भाजून घ्या. साइटवर पॅलेट सपाट जागी, झाकून, कोपरे जपून. कापायचं तर डायमंड ब्लेडने आणि पाणी सोडून, कारण कोरड्या कापणीत सिलिकाची धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाते, मास्क असला तरी कोरडं कापायला परवानगी देऊ नका.

पॅनेलं चढवायच्या आधी एक थांबा ठेवा, लेखी. मेम्ब्रेनची भोकं सील झालीत, इन्सुलेशनमध्ये फटी नाहीत, बॅरियर सलग आहेत, फिक्स्ड आणि स्लायडिंग स्क्रू जागच्या जागी आहेत, हे प्रत्येक भागाचे फोटो काढून तपासलं की मगच पुढची परवानगी. मेम्ब्रेनवर पाण्याची टेस्ट करायची तीही याच टप्प्याला.

जास्तीची पॅनेलं आधीच ऑर्डरमध्ये धरा, दोन ते पाच टक्के, प्रत्येक आकार आणि प्रत्येक रंग, कारण काही वर्षांनी मागवलेल्या मालाचा रंग जुळेलच असं नाही. ती कुठे ठेवायची ते मालकाशी बोलून ठरवा, आणि पॅनेल बदलायची पद्धत, लागणारं हत्यार, क्लिपचा नंबर आणि थोड्या जास्तीच्या क्लिपा त्याच पॅलेटवर बांधून द्यायला सांगा.